पिसें गळूं लागतात तेव्हां

पिंजऱ्याच्या तळाशीं सकाळीं पिसांचा सडा पडलेला दिसला म्हणजे घरांतील मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पांखरूं आजारी पडलें, डॉक्टरांकडे न्या. दुसरा म्हणतो, झाडाची पानगळ तसें हें, आपोआप होईल. दोन्ही तटांचें म्हणणें कधीं खरें असतें, कधीं खोटें. आणि कोणत्या वेळीं कोणाचें खरें हें ओळखावयाचें कसें, याविषयीं आमच्याकडे इतकीं पत्रें आलीं आहेत कीं, या महिन्याचें सदर त्याच विषयास द्यावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. बाजारांत ज्यास सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो लव्हबर्ड नव्हेच. खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतला, आंखूड शेपटीचा व थोराड चोंचीचा. आपल्या घरोघरीं जो वीतभरहि न भरणारा, लांब शेपटीचा, मानेवर व पाठीवर काळ्या लाटांची नक्षी असलेला पक्षी असतो तो ऑस्ट्रेलियांतला बजरीगार. मुलें त्यास लाडानें बजी म्हणतात, आणि आम्हीहि तेंच म्हणूं. १८०५ सालीं जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें, आणि १८४० सालीं जॉन गूल्ड यांनीं तो जिवंत इंग्लंडांत नेला. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थ संस्कृतांत करूं गेल्यास 'तरंगांकित गानशुक' असा होईल, आणि इतकें गोड नांव असतां आपण त्यास भलत्याच जातीच्या नांवानें हांक मारावी हें आम्हांस खटकतें. तो पाळण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यांत ठेवणें मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें निषिद्ध आहे, मग तो आजोबांच्या काळापासूनचा रिवाज कां असेना. उसामक्यांत थव्यानें उतरणारे पोपट आमच्या कसबा बावड्यास नित्य दिसतात. त्यांची जागा तेथेंच आहे.

आतां पिसांकडे वळूं. अमरकोशांत पंखास गरुत्, पक्ष, छद, पत्र, पतत्र आणि तनूरुह अशीं नांवें दिलीं आहेत. त्यांतलें शेवटचें आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. कारण तनूरुह म्हणजे अंगावर उगवणारें, आणि केसासहि तोच शब्द लागतो. केस, नखें आणि पिसें हीं तिन्ही केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या कुळांतलीं, असें आजचें शास्त्र सांगतें. फरक इतकाच कीं, केस मुळाशीं वाढत राहतो. पीस मात्र एकदां पूर्ण वाढलें म्हणजे निर्जीव होतें. तें झिजतें, विरतें, आणि झिजलेलें पुन्हा सांधत नाहीं. म्हणून जुनें टाकून नवें घेण्यावांचून पक्ष्यास गत्यंतर नसतें. पक्ष्यास द्विज म्हणतात तें एकदां अंडें व एकदां पिल्लूं असे दोन जन्म धरून. पिसांचा पालट जवळून पाहणाऱ्यास ती गणती अपुरी वाटूं लागते.

पिल्लूं सुमारें ३ महिन्यांचें झालें म्हणजे पहिला पालट होतो. तोंवर कपाळावर थेट चोंचीपर्यंत काळ्या रेघा असतात. त्या जाऊन कपाळ स्वच्छ पिवळें किंवा पांढरें निघतें. पुढें वर्षांतून एकदां-दोनदां पालट येतो, आणि कांहीं पक्ष्यांत तर थोडीं थोडीं पिसें बाराहि महिने गळत राहतात. त्याचा ऋतु ठरलेला नाहीं, यांत नवल नाहीं. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतला, जेथें पाऊस केव्हां पडेल याचा नेम नसतो. थवेच्या थवे पाण्याच्या व गवताच्या शोधांत शेंकडों मैल भटकतात. ज्यास उद्यां उडून जावें लागेल त्यानें सगळीं पिसें एकदम टाकून कसें चालेल? म्हणून निसर्गानें व्यवस्था अशी केली आहे कीं, प्रत्येक पंखांत उडण्याचीं जीं दहा मोठीं पिसें असतात त्यांपैकीं मधलें आधीं गळतें, आणि तेथून दोन्ही बाजूंस क्रमाक्रमानें पालट सरकतो. उजव्या पंखांतलें गेलें कीं डाव्यांतलें तेंच पीस जातें. तोल बिघडत नाहीं, उड्डाण थांबत नाहीं. तेव्हां पहिली कसोटी हीच. पिसें गळत आहेत परंतु कातडें कोठेंहि उघडें पडलेलें नाहीं, आणि पांखरूं उडतें आहे, खातें आहे, तर तो पालट. कोठें टक्कल दिसूं लागलें, किंवा उडतां उडतां तें जमिनीवर आदळूं लागलें, तर तो पालट नव्हे, दुसरें कांहीं आहे.

नवें पीस प्रथम एका मेणचट कोशांत गुंडाळलेलें असतें व सुईसारखें वर येतें. अंगभर असे कांटे उभे राहिले म्हणजे पांखरूं साळिंदरासारखें दिसतें, आणि त्यास हात लावलेला मुळींच खपत नाहीं, कारण प्रत्येक कांट्यांत जिवंत रक्तवाहिनी असते. पीस पुरें झालें कीं रक्त मागें हटतें, कोश वाळतो, आणि पक्षी तो चोंचीनें कुरतडून काढतो. त्याचा पांढरा भुगा पिंजऱ्याखालीं पडतो. कित्येक घरीं यासच 'कोंडा' अथवा 'उवा' समजून पांखरावर मुलांचें औषधी साबणाचें पाणी ओततात. तें कृपा करून करूं नये.

वाढतें पीस मोडलें तर मात्र घाबरण्यासारखें आहे. बजीचें वजन ३० ते ४० ग्रॅम, आणि अंगांत रक्त एकंदर सुमारें साडेतीन मिलिलिटर; म्हणजे पोह्याचा चमचाहि भरणार नाहीं. आठ-दहा थेंब गेले तरी त्याच्या हिशेबीं तें फार झालें. अशा वेळीं मक्याचें पीठ किंवा आरारूट जखमेवर दाबून धरावें, पिंजरा अंधाऱ्या व शांत जागीं ठेवावा. थांबलें तर उत्तम. न थांबल्यास तडक पशुवैद्यांकडे न्यावें. मोडकें पीस उपटून काढावें असें पूर्वीं सांगत. आतांचे जाणते वैद्य घरच्या घरीं तसें करूं नये म्हणतात.

पीस ही पक्ष्याची रोजनिशी आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. गळलेलें मोठें पीस मुलांनीं उजेडांत आडवें धरून पाहावें. एखाद्या पिसावर आरपार एक बारीक, विरळ रेघ दिसते. तें पीस वाढत असतां ज्या दिवशीं पक्षी उपाशी राहिला किंवा फार भ्याला, त्या दिवसाची ती खूण. दिवाळींत फटाके वाजले, रात्रीं मांजर पिंजऱ्यावर चढलें, चार दिवस घर लग्नाला गेलें व दाणे घालावयास सांगितलेला शेजारी विसरला. हें सगळें तेथें लिहिलेलें असतें, आणि रेघेपाशीं पीस पुढें मोडतेंहि. निळ्या बजीचें पीस असेल तर आणखी एक गंमत पाहावी. तें उजेडाच्या आड धरलें कीं निळेपणा नाहींसा होऊन मळकट तपकिरी दिसतें, कारण पिसांत निळा रंग नाहींच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड विशिष्ट रीतीनें परततो म्हणून तें निळें भासतें. या निळ्या भासावर पोपटकुळाचा खास पिवळा रंग चढला म्हणजे हिरवा होतो. रानांतले बजी सारे हिरवे. निळ्या बजींत तो पिवळा रंग तयार करणाऱ्या एका जनुकांत लहानसा फेर पडलेला असतो, हें २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें.

आतां अन्न. नवीं पिसें सारीं प्रथिनांचीं, आणि पालटाच्या दिवसांत पक्ष्यास तीं अधिक लागतात. बाजारांतून आणलेले नुसते राळे वर्षभर घालणें म्हणजे घरांतल्या माणसास वर्षभर नुसता भात वाढण्यासारखें आहे. पोट भरतें, परंतु अंगीं लागत नाहीं. राळ्यांत 'अ' जीवनसत्त्व नाहींसें म्हटलें तरी चालेल, चुनाहि थोडा, आणि प्रथिनांतले कांहीं आवश्यक घटक अपुरे. परदेशी पुस्तकांत पालटाच्या काळीं उकडलेलें अंडें कुस्करून द्यावें असें लिहिलेलें असतें. ज्या घरीं तें चालत असेल त्यांनीं आठवड्यांतून एक-दोनदां चिमूटभर जरूर द्यावें. पांखराच्या वाटीस आपले आचार लावण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. ज्यांच्या स्वयंपाकघरांत तें येणारच नाहीं त्यांनीं मोड आलेले मूग, भिजवून मोड आणलेले राळे, आणि राजगिरा यांवर भर द्यावा. राजगिऱ्यांत राळ्यांत जें उणें तेंच भरपूर असतें. शेवग्याचा पाला तर अमृत म्हणावयास हरकत नाहीं. कोल्हापुराकडे परसांत शेवगा नाहीं असें घर विरळा. कोंवळी डहाळी स्वच्छ धुवून पिंजऱ्यांत टांगावी. मेथी, कोथिंबीर, किसलेलें गाजर चालतें. मोड आलेलें धान्य तीन-चार तासांहून अधिक वेळ ठेवूं नये. पावसाळ्यांत तर दोन तासांतच काढावें, कारण त्यावर बुरशी धरते. आणि काष्ठौषधींच्या दुकानांत समुद्रफेस म्हणून जो पांढरा, हलका तुकडा मिळतो तो तारेस बांधून ठेवावा. चुना मिळतो आणि चोंच झिजते, दोन्ही कामें होतात.

प्रेमानें होणारा अपाय मोठा असतो, म्हणून न देण्याच्या वस्तु ठळकपणें सांगतों. वरणभात, चिवडा, शेव यांतलें मीठ त्या जिवास झेपत नाहीं. दहीभातांतलें दूध-दही त्यास नीट पचत नाहीं. चहाचा थेंब, कांदा, लसूण व चॉकलेट हीं अपायकारक. अॅव्होकॅडो हें हल्लीं शहरांत मिळूं लागलेलें फळ तर प्रत्यक्ष विष.

स्नानाविषयीं आपल्या वाचकांस उपदेश करण्याचें कारण नाहीं, पांखराच्या स्नानाविषयीं मात्र आहे. पिसांच्या कडेला हजारों बारीक आंकडे असतात. ते एकमेकांत अडकलेले असले म्हणजेच पीस सलग राहतें, पाणी अडतें, ऊब धरतें. पक्षी दिवसभर चोंचीनें पिसें विंचरतो तें हे आंकडे पुन्हा बसविण्यासाठीं. शेपटीच्या मुळाशीं तेलाची एक बारीक ग्रंथि आहे, तेथलें तेल तो चोंचीनें घेऊन सर्वांगास लावतो. हें सगळें काम त्यास सोपें व्हावें म्हणून पाणी हवें. उथळ बशींत स्वच्छ, साधें पाणी सकाळीं दहाच्या सुमारास ठेवावें, म्हणजे दुपारपर्यंत अंग कोरडें होतें. जे बशीस भितात त्यांच्यासाठीं कोथिंबिरीची जुडी पाण्यांत बुडवून ओली तशीच टांगावी. रानांतले बजी दंव पडलेल्या गवतांत असेच लोळून न्हातात. साबण नको. तेल तर नकोच नको. टक्कल पडलेल्या जागीं खोबरेल व हळद चोळणारीं मायाळू माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. तेलानें आंकडे चिकटतात, पिसें चिपकतात, ऊब जाते, आणि पक्षी तें तेल चाटून पोटांत घेतो तें निराळेंच.

हवेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. पक्ष्याच्या छातींत नुसतीं फुप्फुसें नसतात. त्यांस जोडलेल्या हवेच्या नऊ पिशव्या असतात, आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें अखंड वाहते. या रचनेमुळें त्यास उंच उडतां येतें, आणि याच रचनेमुळें हवेंतलें विष माणसाआधीं त्याच्या रक्तांत जातें. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायु ओळखण्यासाठीं कॅनरी पक्षी नेत, ती चाल १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या घरांतली खाण म्हणजे स्वयंपाकघर. न चिकटणारें लेपन दिलेला तवा रिकामा तापून राहिला तर त्यांतून निघणारी वाफ माणसास कदाचित् जाणवणारहि नाहीं, परंतु शेजारच्या खोलींतला बजी कांहीं मिनिटांत मरतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं असें दोन पांखरांचें झालें. फोडणी करावयाची म्हणून तवा ठेवला, दारांत कोणी आलें, बोलणें लांबलें. घरच्या मंडळींनीं दृष्ट लागली असें मानलें, आणि तो तवा पुढेंहि वापरांत राहिला. पांखरें असलेल्या घरांत बिडाचा किंवा लोखंडी तवा बरा. डासांच्या उदबत्त्या, धूप, फवारे हींहि पिंजऱ्याच्या खोलींत नकोत. देवघर आणि पिंजरा एकाच सोप्यांत असेल तर देव हलविण्याऐवजीं पिंजरा हलवावा. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं आमच्याकडे गुऱ्हाळांचा धूर वाऱ्याबरोबर येतो. त्या वेळीं पश्चिमेची खिडकी लावून घेणें आम्ही पसंत करतों.

उजेड व झोंप यांची व्यवस्था लावावी. सकाळचें कोंवळें ऊन पाव-अर्धा तास अंगावर पडूं द्यावें, मात्र पिंजऱ्याचा अर्धा भाग सांवलींत हवा. कांचेच्या आडून आलेल्या उन्हाचा जीवनसत्त्वाच्या दृष्टीनें उपयोग नाहीं. रात्रीं दहा ते बारा तास अंधार व शांतता पाहिजे. टीव्हीसमोर पिंजरा टांगलेला असला आणि घरांत कोणी ना कोणी बारापर्यंत जागें असलें म्हणजे पांखराचा दिवस कधीं संपतच नाहीं. अशांचीं पिसें बाराहि महिने गळतात, आणि माद्या अंडीं घालून घालून खंगतात. पिंजऱ्यांतलें मडकें पालटाच्या दिवसांत काढूनच ठेवावें. पिसें आणि पिल्लें हे दोन खर्च एकाच वेळीं त्या एवढ्याशा शरीरास परवडत नाहींत.

आतां रोगाचीं लक्षणें. टक्कल कोठें आहे तें पाहावें, कारण जागाच बोलते. डोकें ठीक आणि छाती-पोट उघडें, तर पक्षी स्वतःच पिसें उपटतो आहे. कंटाळा, भीति, खाज यांपैकीं कांहीं तरी आहे. अंग ठीक आणि डोकें उघडें, तर दुसरा पक्षी उपटतो आहे किंवा कीड आहे, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोंच पोंचतच नाहीं. चोंचीच्या मुळाशीं व पायांवर मधाच्या पोळ्यासारखे करडे पापुद्रे दिसले तर ती खवल्या खरजेची सूक्ष्म कीड. पशुवैद्य त्यावर आयव्हरमेक्टिन या औषधाचा थेंब मानेच्या कातडीस लावतात, आणि उपाय वेळेवर झाल्यास गुण हमखास येतो. मात्रा घरीं ठरवूं नये. माणसाच्या वा गाईच्या औषधाचा अंदाजी थेंब त्यास पुरा पडतो. दुसरी एक तांबडी कीड दिवसां पिंजऱ्याच्या सांध्यांत दडते व रात्रीं रक्त पिते. रात्रीं पिंजऱ्यावर पांढरें फडकें घालावें. सकाळीं त्यावर तांबडे ठिपके सरकतांना दिसले तर पिंजरा उकळत्या पाण्यानें धुवावा. पिल्लें घरट्यांतून बाहेर येतां येतांच पंखांचीं व शेपटीचीं मोठीं पिसें झडून जमिनीवर नुसतीं पळत सुटलीं, तर तो विषाणूंचा रोग. त्यावर औषध नाहीं, आणि पिसांच्या धुळींतून तो पसरतो. याकरितांच नवा पक्षी आणल्यास तो निदान महिनाभर वेगळ्या खोलींत ठेवावा व त्याची सेवा शेवटीं करावी.

पक्षी आजार लपवितो. रानांत दुबळा दिसला तो शिकाऱ्याचा घांस झाला, ही शिकवण त्याच्या हाडींमासीं आहे. अंग फुगवून तळाशीं बसलेला, श्वासाबरोबर शेपटी वरखालीं होणारा पक्षी आपल्यास दिसतो तेव्हां आजार पुष्कळ दिवसांचा झालेला असतो. यावर उत्तम उपाय स्वयंपाकघरांतल्या ग्रॅमच्या काट्याचा. दर आठवड्यास एकाच वारीं, सकाळीं, पांखरूं लहान डब्यांत घालून वजन वहींत लिहावें. पालटांत ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतें. दहावा हिस्सा उतरला तर वाट पाहूं नये. शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे ही वही सोंपवावी. गणितांतली टक्केवारी त्यास आपोआप येते. डॉक्टर पक्ष्यांचे जाणते असावेत. मोठ्या उपचारास शिरवळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईंत परळचें बाई साकरबाई रुग्णालय आहे. आणि घरांत तान्हें मूल वा वृद्ध असतील तर पिंजरा कोरडा झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावा. पोपटांपासून माणसांस लागणारा एक ज्वर आहे, तो या धुळींतूनच येतो.

एकत्र कुटुंबांतल्या पांखराचें एक खास दुर्दैव सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पांच माणसें त्यास दाणे घालतात, म्हणजे प्रत्येकास वाटतें दुसऱ्यानें घातले. बजी दाणा सोलून खातो व टरफल वाटींतच टाकतो. वरून पाहणाऱ्यास वाटी काठोकाठ भरलेली दिसते. खालीं एकहि दाणा नसतो. भरल्या वाटीपुढें पांखरें उपाशी मेलेलीं आहेत. सकाळीं वाटीवर फुंकर मारणें हें ज्याचें काम त्याचें नांव घरांत ठरलेलें असावें. पाणी बदलणाऱ्याचेंहि. आणि ज्या घरांपर्यंत पंचगंगेचें पाणी येतें तेथें नेआणीचा लहान पिंजरा हाताशीं ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें होतें. त्या धांवपळींत मोठा पिंजरा उचलून नेतां येत नाहीं.

आतां गडहिंग्लजच्या एका भगिनीच्या पत्राकडे येतों. खरें म्हणजे त्या पत्रामुळेंच हा लेख लांबला. त्यांच्याकडे चार वर्षांचा निळा नर आहे. त्याची मादी फाल्गुनांत गेली. तो घरांतल्या मुलांचीं नांवें घेतो. महिनाभर पिसें गळत आहेत. पंख व शेपटी नवीं, सुरेख आलीं, परंतु डोक्यावर व मानेवर कांटे तसेच उभे आहेत, जात नाहींत. जाऊबाईंचें म्हणणें, आतां पुरे, कोणास तरी देऊन टाका. सासूबाईंना तें मुकें दुःख पाहवत नाहीं. त्या म्हणतात, एकटें ठेवण्याचें पाप नको, येत्या एकादशीस सोडून द्या, पुण्य लागेल.

भगिनींनीं सासूबाईंस हा भाग वाचून दाखवावा अशी विनंति आहे. सासूबाईंचा हेतु शुद्ध आहे आणि त्यांनीं दुःख ओळखलें तेंहि अगदीं खरें आहे. डोक्यावरचे कांटे हा रोग नव्हे. स्वतःच्या अंगावरचा प्रत्येक कोश बजी स्वतः उलगडतो. डोक्यावरचा मात्र उलगडतां येत नाहीं, तेथें पायानें खाजविण्यापलीकडे कांहीं चालत नाहीं. जोडीदार असला म्हणजे तो मान वांकवून पुढें करतो, आणि दुसरा एकेक कोश अलगद सोडवितो. त्या घरीं तें काम करणारी फाल्गुनांत गेली. डोक्यावर जे उभे आहेत ते तिच्या वाट्याचे कांटे आहेत.

परंतु सोडणें म्हणजे मुक्ति नव्हे. तो जन्मानें, त्याचे आईबाप जन्मानें, त्यांचे पूर्वज दीडशें वर्षांहून अधिक काळ पिंजऱ्यांतले. त्यास कोणतें बीं खावें, पाणी कोठें आहे, शिक्रा म्हणजे काय, यांतलें कांहींहि ठाऊक नाहीं. थव्यानें जगणारा पक्षी एकटाच आभाळांत गेला, आणि तोहि निळा, जो रंग येथल्या झाडांत लपत नाहीं. पहिल्याच सकाळीं कावळे त्यास घेरतील. एकादशीस सोडलेला बहुधा द्वादशी पाहणार नाहीं. ज्या पुण्याची सासूबाईंना इच्छा आहे तें त्याच्यापुढें रोज ताजें पाणी ठेवण्यांत अधिक आहे, असें आमचें नम्र मत आहे.

तूर्त भगिनींनीं इतकें करावें. रोज डोक्यावर ओल्या मेथीची जुडी घांसली जाईल अशी टांगावी. पक्षी हातावर बसत असेल तर ज्या कांट्याचें टोंक पांढरें व कोरडें झालें आहे तेवढाच बोटांच्या टोंकांत हलकेच चोळावा, म्हणजे कोश फुटून पीस उलगडतें. जो मुळाशीं काळसर आहे त्यांत रक्त आहे; त्यास हात लावूं नये. तो आनंदानें डोळे मिटील; मिटले नाहींत तर थांबावें.

पालट पुरा होऊन वजन स्थिर झालें म्हणजे त्यास सोबत आणावी. आमच्या मतें दुसरा नरच आणावा. चोंचीवरचा मांसल भाग निळा असतो तो नर, तपकिरी असते ती मादी. दोन नर सुखानें राहतात आणि अंड्यापिल्लांचा व्याप वाढत नाहीं, म्हणजे जाऊबाईंचीहि तक्रार उरत नाहीं. नवा आणल्यावर महिनाभर निराळ्या खोलींत ठेवावा. मग दोन पिंजरे हातभर अंतरावर, चार-सहा दिवसांनीं अगदीं लागून. दोघे एकाच दांडीच्या टोंकांस येऊन झोंपूं लागले कीं एका मोठ्या पिंजऱ्यांत घालावे. त्यांत दाण्याच्या वाट्या दोन असाव्यात आणि दांड्या पेरूच्या फांदीच्या, कमीअधिक जाडीच्या असाव्यात. आरंभीं चोंचाचोंची होईल, तींत रक्त न आल्यास मध्यें पडूं नये. एकमेकांची मान विंचरूं लागण्यास कधीं आठ दिवस लागतात, कधीं दोन महिने.

मुलांस मात्र एक गोष्ट आधींच सांगून ठेवावी. सोबत मिळाल्यावर जुना पक्षी त्यांचीं नांवें घेणें बहुधा कमी करील, आणि कदाचित् सोडूनहि देईल. त्यास बोलावयास दुसरें कोणी मिळालेलें असेल.